मागे न सरणारी लाल गाडी

उदय खरमाटेला गाडी मागे घेता येत नसे. पुढे न्यायची तर सांगा, लंडनच्या हॅरोतून निघून थेट आपल्या गावी, जतपर्यंत नेईल. पण मागे म्हटलं की डावंउजवं डोक्यात घुसळलं जायचं, स्टिअरिंग नको तिकडे फिरायचं आणि शेजाऱ्याची भिंत जवळ यायची. हे हॅरोत दोघांनाच पक्कं ठाऊक होतं. एक नंदा, त्याची बायको. दुसरा तो शेजारी, ज्याने ती भिंत दोनदा बांधून घेतली होती.

आता असला माणूस नोकरी कुठे करत असावा? तर लंडनच्या एका कौन्सिलच्या पार्किंग खात्यात. जन्मभर. लोक नको तिथे गाडी लावायचे, त्यांना दंडाचं तिकीट मिळायचं, लोक चिडून अपील करायचे, आणि ती अपिलं वाचून नाकारायचं काम उदयकडे होतं. कुणी लिहायचं, पोराला मळमळलं म्हणून थांबलो. कुणी लिहायचं, सासू रस्त्यातच रुसून उतरली. उदय चहाचा घोट घ्यायचा आणि उत्तर टाइप करायचा, 'आपलं म्हणणं आम्ही लक्षपूर्वक वाचलं, तथापि'. त्या 'तथापि'वरून तिथल्या मराठी मंडळातली मंडळी त्याला 'तथापिराव' म्हणायची. आणि संध्याकाळी हेच तथापिराव कोथिंबिरीच्या एका जुडीसाठी वेम्बलीच्या ईलिंग रोडवर फेऱ्यांवर फेऱ्या मारायचे. जागा दिसायची, पण तिच्यात गाडी मागूनच घालावी लागायची. मंडळाच्या कार्यक्रमाला तो गाडी दोन गल्ल्या लांब लावून चालत यायचा. लोक म्हणायचे, ''उदयराव तब्येतीला जपतात हं.'' उदयराव विनयाने मान डोलवायचे.

मग लायसन कसं मिळालं, असं कुणी विचारलं तर त्याचं उत्तर त्याच्याकडेही नव्हतं. पाचव्या खेपेला मिळालं. त्या दिवशी गाडी कोपऱ्यावरून मागे कशी वळली, हे देवाला माहीत. लायसन हातात आलं आणि रिव्हर्सचा गिअर कायमचा नंदाच्या नावावर झाला.

निवृत्त झाल्यावर त्याला एक खूळ लागलं. जिथे रस्त्याच्या कडेला 'गाडी लावू नका' म्हणणारी पिवळी रेघ नाही, अशा ठिकाणी राहायचं. इंटरनेटवर शोधता शोधता त्याला एक घर सापडलं. स्कॉटलंडच्या पश्चिमेला, आयला बेटावर.

''आयला बेटावर घर बघितलंय,'' तो म्हणाला.

''शिवी कशाला देताय?'' नंदा म्हणाली.

बेटाचं नावच तसं आहे, हे तिला नकाशा दाखवून पटवावं लागलं. घर एका खोऱ्याच्या अगदी टोकाला. पुढे रस्ता संपतो आणि मेंढरं सुरू होतात. घर होतं इशबेल नावाच्या ऐंशीला टेकलेल्या बाईच्या भावाचं. भाऊ गेला, घर रिकामं पडलं. सुट्टीपुरत्या येणाऱ्यांना द्यायचं बाईच्या मनात नव्हतं. थंडीतही ज्याच्या खिडकीत दिवा दिसेल, असा कुणीतरी तिला शेजारी हवा होता. ''आठवडाभर येऊन ऱ्हावा,'' ती फोनवर म्हणाली, ''तुमी घर बगा, मी तुमाला बगते.''

म्हणजे ती म्हणाली इंग्रजीतच. पण तिच्या इंग्रजीत एक असा हेल होता, शब्द तोंडात घोळवून सोडायची अशी एक रीत होती, की उदयला जतची आत्या आठवली. ऐकलेलं तो नंदाला सांगायचा तेही आत्याच्या बोलीत. तेव्हा इथेही त्या खोऱ्यातली माणसं तशीच बोलतील. उदयला ती तशीच ऐकू आली, त्याला इलाज नाही.

नंदाने सगळं ऐकून घेतलं. स्वयंपाकघरातल्या खिडकीत तिचं कढीपत्त्याचं झाड होतं. लंडनच्या थंडीत तिने ते पोटच्या पोरासारखं जगवलं होतं. त्याची पिवळी पानं खुडत ती म्हणाली, ''मी येईन. पण एक सांगते. बोटीतून उतरलं की गाडी तुम्ही चालवायची. इथे जन्मभर तुमची ड्रायव्हर झाले, तिकडे त्या आडरानात उरलेलं आयुष्य ड्रायव्हरकी करायची माझी तयारी नाही. दुकान लांब, डॉक्टर लांब. उद्या माझा गुडघा धरला तर काय करणार तुम्ही? आठवडाभर तुम्ही धड चालवलीत तर घर घेऊ. नाही तर मी, माझं हॅरो आणि माझा कढीपत्ता.''

''एवढंच ना?'' उदय म्हणाला. नकाशात रस्ता एकच होता, सरळ. सरळ रस्त्यावर मागे जायचं कारणच काय?

सप्टेंबरात ते निघाले. बोटीपर्यंत नंदाने गाडी आणली. बोटीत चढवली तिनेच, उतरवलीही तिनेच. धक्क्यावर तिने इंजिन बंद केलं, खाली उतरली, गाडीला वळसा घालून पलीकडच्या दारापाशी उभी राहिली आणि म्हणाली, ''या.''

गाव मागे पडलं आणि रस्ता अरुंद झाला. मग आणखी अरुंद. मग असा झाला की त्यात उदयची लाल गाडी मावत होती आणि दुसरं काही मावत नव्हतं. दोन्ही बाजूंना दलदल, तपकिरी गवत. मध्येच रस्त्याला पोटासारखा एक फुगवटा आणि तिथे पांढरी पाटी, 'पासिंग प्लेस'. समोरून गाडी आली की दोघांपैकी जो त्या फुगवट्याच्या जवळ असेल त्याने तिथे जायचं आणि दुसऱ्याला वाट द्यायची. म्हणजे निम्म्या वेळा कुणाला तरी मागे जावं लागणार. हे उदयच्या लक्षात आलं तेव्हा त्याच्या तळहाताला घाम सुटला. इंटरनेटवर घराचे फोटो चांगले दहा-बारा होते. रस्त्याचा एकही नव्हता.

आणि तेवढ्यात समोरून पोस्टाची लाल व्हॅन आली.

उदय थांबला. पासिंग प्लेस त्याच्याच मागे होती, अगदी जवळ. व्हॅन थांबली. दोन लाल गाड्या एकमेकींकडे बघत राहिल्या. उदयने गिअरच्या दांड्यावर हात ठेवला आणि देवाचं नाव घेतलं. नंदा खिडकीतून मेंढरं मोजत होती. मग व्हॅन अलगद मागे सरकली, वळणापर्यंत गेली, तिथल्या फुगवट्यात शिरली आणि थांबली. उदय पुढे गेला. व्हॅनमधल्या बाईने हात वर केला. उदयनेही केला.

''बघितलंस?'' तो म्हणाला. ''याला म्हणतात संस्कृती.''

नंदाने मेंढरं मोजणं पुढे चालू केलं.

मग आठवडाभर हेच. ट्रॅक्टर आला, मागे सरला. शाळेची छोटी बस आली, मागे सरली. एकदा तर उदयला समोर काही दिसायच्या आधीच लांबवर एक जीप फुगवट्यात शिरून वाट बघत उभी होती. आणि प्रत्येक जण हात वर करायचा. उदयही हात वर करायचा, आधी भीत भीत, मग दिमाखात, नवा आमदार करतो तसा. आपल्याला इथे मान आहे, असं त्याला वाटू लागलं. पाहुण्याचा मान, वयाचा मान, कदाचित भारताचाही. संध्याकाळी मुलीला फोन लावून त्याने सगळं सांगितलं.

''बाबा, तू खरंच ड्राइव्ह करतोस? तिकडची रस्ता सिंगल आहे ना?'' अन्वी म्हणाली. ती हॅरोत जन्मली, तिचं मराठी तिच्या परीने चालायचं. ''मागे कसा जातोस?''

''मागे जायची वेळच येत नाही. लोक मला वाट देतात.''

''सगळे? एव्हरी टाइम?'' अन्वीने विचारलं. ''आईला फोन दे.''

नंदाने फोन घेतला, ''हं, हं,'' एवढंच म्हणाली आणि खिडकीपाशी जाऊन उभी राहिली. दक्षिणेची खिडकी होती. दुपारभर ऊन यायचं. तिने हाताने काचेजवळची फळी पुसली आणि बोटाला लागलेली धूळ बघितली.

इशबेलचं घर हाकेच्या अंतरावर. बाई काटक, पायात गुडघ्यापर्यंत रबरी बूट, डोक्याला पुरुषी टोपी. दुसऱ्याच दिवशी ती अंडी घेऊन आली आणि नंदाने तिला थालीपीठ खायला घातलं. त्या दोघींचं असं जमलं की उदय आपल्याच घरात पाहुणा झाला. त्याला वाटलं, आता काय, घर आपलंच. हिवाळ्यात शेकोटी, खिडकीत दिवा, रस्त्याच्या कडेला एकही पिवळी रेघ नाही.

निघायच्या दोन दिवस आधी तो खोऱ्याच्या तोंडाशी असलेल्या दुकानात गेला. दुकानासमोर गाडी लावायला मोठं मैदान होतं, सरळ आत शिरता यायचं, सरळ बाहेर पडता यायचं. म्हणून त्याचं त्या दुकानावर प्रेम. तो आतल्या कपाटामागे बिस्किटांचे पुडे चाळत होता, तेव्हा दार वाजलं आणि पोस्टवालीचा आवाज आला.

''लाल गाडी पोचली म्हणायची गं हितपोतर? मी आपली चर्चापाशीच थांबले मगा. म्हटलं येऊ दे आधी तिला.''

''आजून मागं सरंना का?'' दुकानदारीण म्हणाली.

''छ्या! परवा शाळंची बस पार पुलापोतर मागं गेली. पोरं म्हणत्यात, ती गाडी मागं जातच न्हाई, तिला मागचा गिअरच न्हाई.''

''म्हाताऱ्या आंगसनं तर ट्रॅक्टर काढायचाच बंद केलाय. म्हणला, जाऊ दे पावणं, मग काढतो.''

उदयच्या हातातला पुडा कुरकुरला. दोघींनी वळून बघितलं. कुठल्याही मराठी गावात अशा वेळी दोन्ही बायका एकदम हवापाण्यावर बोलायला लागल्या असत्या. पोस्टवालीने मात्र तोंडभर हसून हात वर केला. ''आलास व्हय? तुझ्याच गाडीचं चाललंय!''

उदयनेही हात वर केला. दुसरं काय करणार? बिस्किटं घेतली, बाहेर येऊन गाडीत बसला आणि आठवडाभराचे ते सगळे वर झालेले हात त्याला एक एक करून आठवले. आमदार! पाहुण्याचा मान! अरे, रस्त्यात बसलेल्या म्हशीला लोक वाट देतात, म्हणून म्हैस काय स्वतःला पाटलीण समजते?

घरी जाताना समोरून कुणीच आलं नाही. आता त्याला कारण माहीत होतं.

इशबेल त्याच्या दारातच बसली होती, नंदाबरोबर चहा पीत. उदयने स्वतःहून विषय काढला. निदान मोठेपणा तरी पदरात पडावा. म्हणाला, ''त्याचं असं आहे इशबेलबाई, की आमच्या गावाकडे बैलगाडी. बैलांना मागे सरायची सवय नसते. म्हणजे ते आमच्या रक्तातच...''

''तू बैल हायस का?'' इशबेल म्हणाली.

नंदाला ठसका लागला.

''हे बग,'' इशबेलने कप खाली ठेवला. ''घर द्यायला माझी ना न्हाई. दिवा लावशील, चूल पेटवशील, बायकू तर सोन्यासारखी हाय. पण जानेवारीत हितं वारं सुटतं. अंधार दुपारीच पडतो. एखाद दिवशी मला न्यायला डाक्टरची गाडी निघंल, आन् तू मदी हुभा असशील तोंडावर तोंड. मग कोण मागं सरायचं? खोरं एक आठवडा सरलं तुझ्यासाठी. जलमभर न्हाई सरायचं. मला मरताना देवाची याद करायचीय, तुझ्या गाडीची न्हाई.''

उदयने तोंड उघडलं. त्याच्याकडे कारणं होती. स्टिअरिंग जड आहे, मान आखडते, मागचा कॅमेरा टूंटूं वाजतो आणि डोकं फिरतं. एकेक कारण मनात आलं आणि एकेकाखाली त्याला आपल्याच हातचं उत्तर दिसलं. आपलं म्हणणं आम्ही लक्षपूर्वक वाचलं, तथापि.

''शिकवता का?'' तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी इशबेलने आपल्या माळावरची मेंढरं एका कडेला हाकलली, दोन रिकाम्या बादल्या मांडल्या आणि म्हणाली, ''यांच्यामदी घाल.'' तिने आधी गाडीत वाकून कॅमेऱ्याच्या पडद्यावर आपली टोपी अडकवली. ''त्यात काय बगतूस? मान वळीव. देवानं मान कशाला दिलीया?''

उदयने मान वळवली. पहिल्या खेपेला डावी बादली गेली. दुसऱ्या खेपेला उजवी. तिसऱ्या खेपेला दोन्ही वाचल्या, पण गाडी कुंपणात. मेंढरं ओळीने उभी राहून बघत होती आणि एक मेंढा तर असा चघळत होता, की कौन्सिलमधला उदयचा जुना साहेब आठवावा. नंदा खिडकीतून बघत होती, पण बाहेर आली नाही. दुपारपर्यंत गाडी मागे सरळ जायला लागली. सरळ म्हणजे गेली की गेली. बाजूला वळवून कुठे थांबवायची म्हटलं की पुन्हा बादलीचा आवाज यायचा.

''अर्धं जमलं,'' इशबेल चेपलेली बादली गुडघ्यावर सरळ करत म्हणाली.

''आणि घर?''

''घरबी अर्धंच.''

निघायचा दिवस आला. बोट दुपारची. नंदाने घर झाडलं, पुसलं, किल्ली इशबेलच्या हातात दिली. घराचं अजून अर्धंच होतं. निरोप घेताना नंदाने बाईंना सांगितलं, आमच्यात 'जातो' म्हणत नाहीत, 'येतो' म्हणतात. इशबेलने तो शब्द दोनदा म्हणून बघितला. उदय गाडीत बसला. त्याला रडू येत होतं आणि रडण्याचं कारण रिव्हर्सचा गिअर असावं, याचं हसूही येत होतं.

रस्त्यावर वारा होता. पहिला फुगवटा गेला, दुसरा गेला, तिसरा ओढ्यापाशी. चढ चढून गाडी माथ्यावर आली आणि समोर लॉरी. गवताच्या गठ्ठ्यांनी लादलेली, रस्त्याच्या काठाकाठाला घासत येणारी. तिच्या मागे ट्रॅक्टर, ट्रॅक्टरच्या मागे पोस्टाची व्हॅन, व्हॅनच्या मागे शाळेची बस. एवढी मोठी वरात मागे कशी सरणार? लॉरीवाला परगावचा असावा, त्याला लाल गाडीची कीर्ती ठाऊक नव्हती. तो शांतपणे उभा राहिला.

उदयने नंदाकडे बघितलं. पस्तीस वर्षांच्या संसारात त्या नजरेला एकच उत्तर होतं, ''सरका, मी घेते.'' नंदाने सीटबेल्ट सोडलाही. मग तिने तो पुन्हा लावला, पर्स मांडीवर घेतली, डोळे मिटले आणि म्हणाली, ''मान वळवा.''

उदयने मान वळवली. गाडी मागे निघाली. उतारावरून, ओढ्याकडे, गोगलगाईच्या चालीने. दलदल दोन्हीकडून वर येऊन बघत होती. ओढ्याजवळचा फुगवटा आला. उदयने स्टिअरिंग फिरवलं, जरा उशिरा फिरवलं, फुगवटा पुढे निघून गेला. पुन्हा पुढे घेऊन नीट आत घालावी, तर लॉरी नाकाला नाक लावून उभी. लॉरीला वाटलं, याला पुढच्या फुगवट्यात जायचं असेल.

''काय झालं?'' डोळे मिटूनच नंदाने विचारलं.

''पुढच्यात घालतो.''

''मागच्यात म्हणा.''

मागच्याच्याही पुढे तो गेला. म्हणजे मागे. सरळ छान जात होती गाडी, इतकी छान की थांबवायचा धीर होईना. शर्ट पाठीला चिकटला. शेवटचा फुगवटाही हुकला, आणि तेव्हा त्याला कळून चुकलं की आता फक्त एकच मोकळी जागा उरली आहे, इशबेलच्या घरापुढची. खोऱ्यातून ती वरात निघाली. पुढे पाठमोरी लाल गाडी, तिच्यामागे लॉरी, ट्रॅक्टर, पोस्ट आणि बस. बसमधली पोरं खिडक्यांतून बाहेर लोंबकळून ओरडत होती, ''सरली! सरली!''

इशबेल दोरीवर कपडे वाळत घालत होती. तिने तोंडातला चिमटा काढला. लाल गाडी पाठ करून तिच्या फाटकातून आत आली, बादलीला लागली आणि थांबली.

''येतो म्हणालास खरं,'' ती म्हणाली, ''पण इतक्या बिगी?''

उदय खाली उतरला. कपाळ पुसलं. म्हणाला, ''फुगवट्यात गेली नाही. एकाही.''

''पर मागं आली,'' इशबेल म्हणाली. ''माथ्यापासनं हितपोतर. कुणी घेतली? बाईनं?''

''मी डोळे मिटून बसले होते,'' नंदा म्हणाली. ती अजून गाडीतच होती. मग ती उतरली, पर्स काखेत मारली आणि इशबेलच्या भावाच्या घराकडे, त्या दक्षिणेच्या खिडकीकडे बराच वेळ बघत राहिली. बोट चुकली होती, हे तिघांनाही कळलं होतं.

''इशबेल,'' नंदाने विचारलं, ''त्या खिडकीतून थंडीत वारा शिरतो का गं?''

''चौकट नवी बशीवली की न्हाई शिरत. का?''

''माझं एक झाड आहे. त्याला वारा सोसत नाही.''

इशबेलने एप्रनच्या खिशात हात घातला, किल्ली काढली आणि नंदाच्या हातात ठेवली. उदयकडे दिली नाही. उदयला ते लागलं नाही. त्याच्या छातीत काहीतरी आपोआप हलकं झालं होतं आणि त्याला आता सगळ्या जगाची अपिलं मंजूर करावीशी वाटत होती. डोळे पुसायला बाईने पदर शोधावा तसा त्याने रुमाल शोधला.

तेवढ्यात फाटकाबाहेरून लॉरीवाल्याने बारीक हॉर्न दिला. गवत इशबेलकडेच उतरायचं होतं. लॉरी आत येणार कुठून? फाटकात उदयची गाडी. लॉरीच्या मागे ट्रॅक्टर, ट्रॅक्टरच्या मागे पोस्ट, आणि बसमधल्या पोरांनी आता ताल धरला होता.

''घे की गाडी बाजूला,'' इशबेल म्हणाली, ''गोठ्याच्या कडंला. डावीकडं वळीव आन् मागं घाल.''

उदयने गोठ्याकडे बघितलं. गोठ्याला दगडी भिंत होती. मग त्याने नंदाकडे बघितलं.

''मी नाही,'' नंदा घराची किल्ली पर्समध्ये टाकत म्हणाली. ''मान वळवा.''